पगारी माणसं, प्रेमाची माणसं

परवा सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे धागे पडलेले दिसले. हात लावला की मोडणारे, बोटाला काजळ लावून जाणारे. कुठल्यातरी फडातला ऊस तुटून गेला असणार आणि मागं राहिलेला पाला कुणीतरी पेटवला असणार. आमच्या घराभोवती आता चारी बाजूंनी अपार्टमेंट उठलेत, गच्चीवरून शेत असं दिसतच नाही. पण वारा फिरला की ही राख कोसभर उडत येते आणि सांगते, हंगाम सुरू झाला.

कोल्हापुरात थंडी उसाच्या मागून येते. आधी रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायला लागतात, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, लादलेला ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर कान फाटतील अशी गाणी. मग सकाळी गुऱ्हाळांचा धूर धुक्यात मिसळून खाली बसतो. उन्हं चढली की कढईतल्या रसाचा वास सुटतो, गोड, जड, घशात बसणारा. पुण्यात राहणारी माझी बहीण दरवर्षी या दिवसांत फोन करते आणि म्हणते, "तुमच्याकडं आता वास सुटला असेल नाही? मजा आहे तुमची." मी हो म्हणते. गुळाच्या वासानं आपल्या तोंडाला कडवट पाणी सुटतं, हे तिला कसं सांगू?

तो हंगाम होऊन आता चार वर्षं झाली.

गडमुडशिंगीच्या रस्त्याला, गावाच्या अलीकडं, एक बैठी इमारत आहे. बारा खाटांची. अंथरुणाला खिळलेली माणसं तिथं ठेवतात. ज्यांच्या घरी बघायला कुणी नाही, किंवा आहे पण जमत नाही, अशी. देणग्यांवर चालणारी संस्था. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. पावसाळ्याच्या अखेरीला ऊस इतका उंच होतो की खिडक्यांतून फक्त हिरवं हलताना दिसतं, आणि तोड झाली की एकदम सगळं उघडं पडतं, लांबचे डोंगरसुद्धा दिसतात. तिथल्या माणसांना वर्षातला तेवढाच बदल.

माझी आई तिथं सात महिने होती. मी तेव्हा शाळेत नोकरीला होते, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. आईला कुणी ओळखू येईनासं झालं होतं. तिथं पगारावर तीन बायका होत्या. त्यातल्या सगळ्यात जुन्या आक्काताई. गडमुडशिंगीच्याच, पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, हाडापेरानं मजबूत. आंघोळीचं पाणी त्या आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघायच्या. आईला काही कळत नसे, तरी प्रत्येक गोष्ट तिला विचारून करायच्या. "आये, आता कूस बदलायची हं. जरा डावीकडं. हां, झालं बघ." सात महिन्यांत आईच्या पाठीला एक जखम झाली नाही. शेवटी शेवटी आई त्यांना माझ्या नावानं हाक मारायची. आणि आक्काताई ओ द्यायच्या.

आई गेली त्या दिवशी त्यांनीच तिला शेवटची आंघोळ घातली. केस विंचरले, अंबाडा घातला. मग हात धुतले आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजींना पेज भरवायला बसल्या, कारण साडेअकरा वाजले होते. मला त्या क्षणी वाईट वाटलं. आई अजून तिथंच होती आणि हिला पेज सुचते? शेवटी पगारी माणूस, असं माझ्या मनात येऊन गेलं. ते मी कुणाला बोलले नाही. पण पुढच्या सगळ्याचं बी तिथं पडलं असावं, असं आता वाटतं. त्या वेळी त्या आजींना भूक लागली होती, एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही.

निवृत्त झाल्यावर मी तिथं जायला लागले. आधी गुरुवारी, मग एक दिवसाआड. वाचून दाखवायचं, नखं कापायची, कुणाच्या मुलाला फोन लावून द्यायचा. आक्काताई माझ्याकडून हळूहळू कामं करून घ्यायच्या. चादर कशी सरकवायची, उताण्या माणसाला एकट्या बाईनं कसं वळवायचं. "बाई, कंबरंतनं उचलू नका, गुडघ्यातनं उचला. न्हायतर तुमालाच इथं खाट लागंल." मग स्वतःच हसायच्या. त्या दिवसांत पगारी कोण आणि बिनपगारी कोण, हा विचार मनात आला नव्हता. आम्ही चौघी मागच्या पायरीवर बसून स्टीलच्या पेल्यांतून चहा प्यायचो.

मग कुणीतरी मोबाईलवर संस्थेची एक चित्रफीत काढली आणि ती गावभर फिरली. त्या वर्षी नवरात्रापासून माणसं यायला लागली. कॉलेजची मुलं, बँकेतल्या बायका, निवृत्त साहेब लोक, एक गाण्याचा क्लास अख्खा. मी सुरुवातीला हरखून गेले. बारा खाटा आणि एकेका खाटेपाशी दोन-दोन माणसं. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे साहेबच म्हणायचे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज मऊ, कपड्यांना इस्त्री. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुम्ही शाळा चालवलीय. हे स्वयंसेवकांचं तुम्ही बघा." मला तक्ता करायची सवय होतीच. मी चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक केलं आणि दाराशी लावलं.

साहेब प्रत्येक नव्या माणसापुढं एक वाक्य बोलायचे. "पगारानं हात मिळतात, मन मिळत नाही." स्वयंसेवकांच्या चेहऱ्यावर ते ऐकून उजेड पडायचा. मागं आक्काताई बेडपॅन घेऊन चाललेल्या असायच्या. ते वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल, मी मोजलं नाही. मलाही ते आवडायचं, हे आज कबूल केलं पाहिजे. मीसुद्धा मनवाल्यांतली होते ना.

चहाचं कसं झालं ते मला आठवत नाही. कुणी ठरवलं नव्हतं. एक दिवस पुढच्या व्हरांड्यात कपबश्या आल्या, बिस्किटं आली, आणि स्वयंसेवक तिथं बसायला लागले. कप मोजके होते म्हणून तिघी मागच्या पायरीवरच राहिल्या. मी आठवडाभर कप घेऊन मागं जात होते. मग पुढं सारखं कुणाला ना कुणाला काहीतरी विचारायचं असायचं, आणि मी पुढंच बसायला लागले.

वेळापत्रकात मी कामं वाटली होती. भरवणं, बोलणं, गाणी, केस विंचरणं हे स्वयंसेवकांकडं. उचलणं, धुणं, संडास-लघवी हे पगारी बायकांकडं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आक्काताईंनी तक्ता दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतला आणि माझ्याकडं आल्या.

"बाई, बाकी काय बी करा. भरवायचं काम आमच्याकडनं काढू नका."

"का? तुमचा भार हलका होतोय की."

"घास घालताना माणूस कळतो, बाई. आज गिळताना थांबला का, घसा वाजतोय का, डोळं कसं हाईत. ते एकदा हातातनं गेलं की मग आमाला नुसती चादर कळणार."

"आक्काताई, लोकं आपली कामं सोडून प्रेमानं येतात. त्यांना काय चादरी धुवायला लावायच्या?"

"मग आमी काय रागानं येतो व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. आमच्याकडच्या बायका बोलताना अशाच पुरुषासारख्या येतो-जातो म्हणतात. मी वर्गात मुलींचं हे बोलणं आयुष्यभर सुधारत आले. त्या दिवशीही माझं अर्धं लक्ष तिकडंच गेलं.

दिवाळी झाल्यावर साहेब म्हणाले, आता हात पुरेसे झालेत, तीन बायका कशाला? तिघींतल्या शमशादभाभींना कामावरून कमी करायचं ठरलं आणि ते सांगायचं काम माझ्याकडं आलं. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. कुणाच्या पायाला सूज आली तर सगळ्यात आधी त्यांनाच दिसायची. त्यांनी विचारलं, "काय चुकलं का माझं?"

"नाही हो, काहीच चुकलं नाही."

"मग?"

मी दाराशी लावलेल्या तक्त्याकडं बघितलं. त्यांनी डबा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि उसाच्या कडेकडेनं रस्त्याला लागल्या. आत गाण्याच्या क्लासची भजनं चालू होती.

आता दिवसा पगारावर एकट्या आक्काताई राहिल्या. तिसऱ्या बाईला कायमची रात्रपाळी दिली.

सगळे स्वयंसेवक वाईट होते असं मला म्हणायचं नाही. मानसी नावाची एक मुलगी होती, कॉम्प्युटर कंपनीचं काम घरून करायची. आठवड्यातून तीन दिवस सकाळी यायची, कधी चुकायची नाही. फोटो काढायची नाही. तिच्याकडं सदाशिवअण्णांचं जेवण होतं. अण्णांनी उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवलेलं. पक्षाघातानं उजवं अंग गेलं, वाचा गेली. गिळणंही अर्धंच उरलं होतं. डाव्या हाताच्या बोटांनी खाटेच्या लोखंडी कठड्यावर टकटक करून ते बोलायचे. एकदा वाजवलं की पुरे, दोनदा वाजवलं की पाणी, आणि सारखं वाजवायला लागले की काहीतरी बिघडलंय. ही भाषा आक्काताईंना येत होती. मानसीला एक आणि दोन माहीत होतं. सारखं वाजवणं तिनं कधी ऐकलं नव्हतं, कारण आक्काताईंनी ती वेळच येऊ दिली नव्हती.

संक्रांतीला मोठा कार्यक्रम ठरला. देणगी देणारं एक मंडळ भेट द्यायला येणार होतं. आदल्या दिवशी शेजारच्या फडातला पाला पेटवला आणि वाळत घातलेल्या सगळ्या पांढऱ्या चादरींवर राख पडली. सणाच्या सकाळी मी बघितलं तर एकेका चादरीवर काळे फराटे. बायका काळ्या साड्या नेसून, हलव्याचे दागिने घालून यायला लागल्या होत्या. मी आक्काताईंना म्हटलं, चादरी परत धुवून टाका, पाहुणे यायच्या आत निदान निम्म्या तरी वाळतील.

"अण्णांचं जेवण झालं की जातो."

"मानसी आहे ना. तुम्ही जा. नाहीतर वाळायच्या नाहीत."

त्यांनी अण्णांच्या पाठीमागं दोन उशा रचल्या, खाटेचं डोकं वर केलं आणि मानसीला म्हणाल्या, "आडवं करू नका त्यास्नी. आनि पातळ काय देऊ नका, छातीत जातं. पाणी मी आल्यावर चमच्यानं देतो." मग मागं गेल्या.

पुढचं सगळं पाऊण तासातलं. मंडळाची माणसं सांगितल्या वेळेच्या आधीच आली. अण्णांना नवा स्वेटर घालायचा म्हणून कुणीतरी खाटेचं डोकं खाली केलं. ते परत वर करायचं राहिलं. एक बाई वाटीत दुधात कुस्करलेली तिळाची वडी घेऊन आल्या. मानसीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, तो मला दिसला होता. मी म्हटलं, "सणाचं आहे, थोडं भरव." माझं लक्ष पाहुण्यांना नीट उभं करण्यात होतं. गाण्याच्या क्लासनं तेवढ्यात एक ठेक्याचं गाणं सुरू केलं.

अण्णांची डावी बोटं कठड्यावर वाजायला लागली. सारखी, जोरात.

"बघा, अण्णांनी ताल धरला," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. दोघांनी टाळ्या धरल्या. मीही हसले. ते हसू अजून मला माझ्या तोंडावर जाणवतं, जागच्या जागी, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत.

मागच्या दारातून आक्काताई पळत आल्या. कोपरापर्यंत साबण होता. त्यांना गाण्यातूनही ती टकटक ऐकू गेली होती. त्यांनी मानसीला बाजूला सारलं, अण्णांना कुशीवर पाडलं, तोंडात बोट घालून काढता आलं ते काढलं, पाठीवर थापा मारल्या. निळसर झालेला चेहरा हळूहळू परत माणसासारखा झाला. पण आत जायचं ते गेलं होतं. दवाखान्यात नेलं. छातीत न्यूमोनिया झाला. आठव्या दिवशी अण्णा गेले.

नंतर बैठक झाली. साहेब, समितीची दोन माणसं, मी. आक्काताई दाराशी उभ्या. मानसीला बोलावलं नव्हतं. बैठकीच्या आधी साहेब मला म्हणाले होते, "स्वयंसेवकावर ठपका आला तर उद्यापासून कोण येईल, बाई?" मग बैठकीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "प्रकार घडला तेव्हा आक्काताई कुठं होत्या?"

मी म्हटलं, "मागं होत्या."

खोटं नव्हतं ते. आयुष्यभर मुलांना सांगत आले, वाक्य पूर्ण करा. मागं होत्या, कारण मी पाठवलं होतं. चार शब्द उरले होते फक्त. ते माझ्या तोंडात आले होते, मी थांबले, आणि त्या थांबण्यात साहेबांनी पुढचा मुद्दा सुरू केला. मला वाटलं, आक्काताई स्वतः बोलतील. त्या बोलतील आणि मी मान हलवीन, असंही मी मनात ठरवून टाकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मागंच हुतो. चादरी धूत हुतो."

कुणी विचारलं नाही, चादरी धुवायला कुणी पाठवलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. अण्णांच्या मुलाला, प्रकाशला, संस्थेनं कळवलं की ड्युटीवरची पगारी बाई जागेवर नव्हती, तिला काढून टाकलंय.

तीन-चार दिवसांनी मानसी माझ्या घरी आली. रडून रडून चेहरा सुजलेला. म्हणाली, "काकू, मी प्रकाशदादांना जाऊन सांगते. भरवत मी होते. खाट खाली आहे, हे मला दिसत होतं." मी तिला पाणी दिलं. शेजारी बसवलं. म्हटलं, "तू कशाला अंगाला लावून घेतेस? तुझं वय काय. मुद्दाम थोडंच केलंस. झालं ते झालं." मी तिची समजूत काढत नव्हते, मी तिला गप्प करत होते. हे दोघींनाही कळलं. ती चहा न घेता उठली आणि परत कधी संस्थेत आली नाही. त्या हिवाळ्यात आलेल्या एवढ्या माणसांत खरं बोलायला निघालेली ती एकटीच होती, आणि तिची वाट मी अडवली.

हंगाम संपला. कारखान्याचा भोंगा बंद झाला, रस्त्यावर पडलेली उसाची कांडी चिरडून-वाळून उडून गेली. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा आल्या, कॉलेजवाले गेले. एप्रिलमध्ये बँकेतल्या बायका सुट्टीला गेल्या. उन्हाळ्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या खोलीला एक वास येतो. तो वास आला की गाण्याचा क्लासही येत नाही. मे महिन्यात मी वेळापत्रकासमोर उभी राहिले तेव्हा चार रंगांत लिहिलेल्या नावांतलं एकही माणूस इमारतीत नव्हतं. त्यांचा दोष नव्हता. प्रेमानं आलेल्या माणसाला प्रेमानं जाताही येतं. राहायला बांधलेलं कुणीतरी लागतं, आणि त्या बांधलेल्यालाच आम्ही कमी प्रतीचं ठरवलं होतं. पगार म्हणजे मन नसल्याची खूण, असं आम्ही सगळे कुठं शिकलो, कोण जाणे. मी स्वतः तेहतीस वर्षं पगार घेऊन शिकवलं. मुलांवर माझी माया नव्हती असं मला कुणी म्हटलं असतं तर?

एका आजींच्या पाठीला जखम झाली. मग दुसऱ्यांच्या. मी एकटी वळवत होते, गुडघ्यातून उचलत होते, तरी कंबर धरली. साहेब म्हणाले, "बाई, त्या आक्काताईंना परत विचारून बघा ना. आता झालं ते विसरू."

मी गडमुडशिंगीला गेले. भर दुपार. आक्काताईंच्या अंगणात खाटांवर शेवया वाळत घातल्या होत्या आणि त्या कावळे हाकत उंबऱ्यात बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"या बाई. उन्हाचं कशाला आलासा? बसा."

पाणी दिलं, चहा ठेवला. मी माझं सांगायला सुरुवात केली. संस्थेत हाल आहेत, साहेबांनी परत बोलावलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "त्या दिवशी बैठकीत माझं चुकलं, आक्काताई."

"व्हय," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या जाऊ द्या म्हणतील.

मग त्यांनीच सांगितलं. "अण्णांच्या पोरानं मला ष्टँडवर धरलं हुतं. म्हैन्याभरानं. पगार घ्यायला लाज न्हाय वाटली का, बाप मारलास माझा, म्हणून. भर माणसांत. नात हुती माझ्यासंगं, शाळंतनं आणत हुतो तिला. ती इचारत्या मला आजून, आज्जी, तू कुणाला मारलंस?"

आक्काताईंनी उठून चहा गाळला.

"तुमच्या आईला मी सात म्हैनं धुतलं-पुसलं, बाई. ती मला तुमच्या नावानं हाक मारायची. त्यातलं पगाराचं किती आनि मायेचं किती, मला आजून सांगता येत न्हाय. तुमी शिकलेल्या हाय, तुमी सांगा की."

"नाही सांगता येणार."

"मग साहेबास्नी सांगा, मी येत न्हाय." चहाचा कप त्यांनी माझ्यापुढं ठेवला. त्यांच्या स्वतःच्या हातात पेला होता. मी निघाले तेव्हा पाठीमागून त्यांनी विचारलं, "कोपऱ्यातल्या आजींची कूस दोन-दोन तासांनी बदलता न्हवं?"

मी हो म्हटलं. ते मात्र सरळ खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि म्हणाले, "आता हे उकरून काय साधणार?" तो कागद पुढं कुठं गेला मला माहीत नाही. स्वयंसेवक-प्रमुखपद मी सोडलं. मग उद्यमनगरात प्रकाशच्या शेडवर गेले. अण्णांच्याच धंद्यात तो होता. लेथ चालू होतं, लोखंडाचे कुरळे छिलके पायाशी पडत होते. मी कोण ते सांगितलं. त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले, एक स्टूल पुढं केलं. मी उभ्यानंच सांगितलं. चादरी, खाट, वाटी, मी काय बोलले, काय बोलले नाही. मानसीचं नाव घेतलं नाही. भरवायला मी सांगितलं, एवढंच म्हटलं.

प्रकाशनं हातातलं फडकं मशीनवर टाकलं. मग म्हणाला, "बाई, मी त्या म्हातारीला लई वंगाळ बोललोय."

"मला माहीत आहे."

"चार म्हैनं झालं. एवढं दिवस तुमी कुठं हुता?"

"इथंच होते."

त्यानं मान हलवली. मी बाहेर पडले तरी मागं मशीन सुरू झालेलं ऐकू आलं नाही, कोपऱ्यापर्यंत.

तो आक्काताईंकडं गेला, हे मला शमशादभाभींकडून कळलं. बायकोला घेऊन गेला होता. अंगणात बसला, नातीच्या समोर हात जोडले. आक्काताईंनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही म्हणे. मला त्यातलं काही बघायला मिळालं नाही, आणि मिळावं असं मी काही केलंही नव्हतं.

संस्था अजून आहे. साहेब बदलले. नवीन लोकांनी पाच बायका पगारावर ठेवल्या आणि भरवणं पूर्णपणे त्यांच्याकडं दिलं. स्वयंसेवक येतात, वाचून दाखवतात, त्या बायकांना विचारून कामं करतात. शमशादभाभी परत रुजू झाल्यात. सगळं असंच आधीपासून असायला हवं होतं, इतकं साधं. मी आठवड्यातून दोनदा जाते. मला तिथं काही विशेष मान नाही, आणि ते बरंच आहे.

गेल्या आठवड्यात लक्ष्मीपुरीत भाजी घ्यायला गेले तर प्रकाश भेटला. हातात औषधांची पिशवी. त्यानं ओळखलं, थांबला. मी विचारलं, घरी कसे आहेत सगळे?

"आई पडून हाय, वर्ष झालं," तो म्हणाला. "आक्काताईच बघत्यात तिला. सकाळी येत्यात, संध्याकाळी जात्यात. लई जीव लावलाय त्यांनी. आईबी त्यांच्या हातनंच खाती, माझ्या हातनं न्हाय."

माझ्या मनात एकदम आलं आणि मी बोलूनही गेले. "मी येऊ का एकदा भेटायला? काही मदत लागली तर. बसेन दोन तास."

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आवाजात राग नव्हता, उलट संकोच होता, मोठ्या माणसाला नाही म्हणताना येतो तसा.

"नको, बाई," तो म्हणाला. "आक्काताई हाईत की."

मी बरं म्हटलं. भाजीवाली मेथीची जुडी माझ्यापुढं धरून कधीची उभी होती.